चार किलोची घट

नेर
११ फेब्रुवारी २००६

विजयमाला, जय भीम.

पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. फोनच्या दुकानात घरच्या गोष्टी लोकायपुढं वरडून सांगाव्या लागतात, म्हणून हे लिहून राह्यली. मी चौथी शिकली, तू मॅट्रिक. चुका काढत बसू नको.

पायलचं उमरखेडचं पक्कं झालं. सात मे. संघदीप कंडक्टर आहे, बोलते कमी, हे मले आवडलं. त्याईनं काही मागतलं नाही, पण पोरीसंगं गाद्या द्याव्या लागतात, तुले सांगायले नको. चार गाद्या आमच्या अन् एक मावशीची.

आता ऐक. बसस्टँडपाशी एक नवं दुकान निघालं. काय सांगू तुले! दुकानवाला पिशवीतून एक गुंडाळी काढते, मांडीएवढी. दोरी सोडते. अन् ते श्वास घेते वं! मी डोळ्यानं पाह्यलं. फुगत फुगत गादी झाली, हात ठेवला तं हातालेच वर ढकलून राह्यली. माह्या तोंडातून "माय वं" निघालं, सारे हासले. फायबरची आहे म्हणे. तीनशे साठले एक.

अन् इकडं जैबुनबी पिंजारीण. रुईचे वेगळे, खोळीचे वेगळे, पिंजायचे वेगळे, टाक्यायचे वेगळे. हजाराच्या खाली उतरत नाही. बाजार समितीसमोर कापसाच्या गाड्या तीन-तीन दिवस उभ्या आहेत, भाव विचारणारं कुत्रं नाही, अन् कापसाची गादी फायबरच्या तिप्पट! हे कसं होते ते तुले कळत असन तं लिही. मले तं कळत नाही.

तू म्हटलं होतं तुयी जुनी गादी पिंजून पायलले देशीन. नको पाठवू. गाडीचं भाडं, पिंजाई, नवी खोळ, एवढ्यात नव्या दोन येतात. मी पाचही त्या दुकानातून घेते. हो म्हण अन् लवकर कळव, मले वाट पाहत बसायची सवय नाही.

तुयी ताई
मथुरा


राजूर
१९ फेब्रुवारी २००६

ती. ताईस जय भीम.

पायलचं ऐकून खूप आनंद झाला. भाऊजींना सांगा, मी आठ दिवस आधी येणार.

पण गादी मी पाठवणारच. ताई, ती आईची गादी आहे. माझ्या लग्नाच्या वर्षी आईनं वेचणीची मजुरी पैशात घेतली नाही, कापसात घेतली. सारा हंगाम. सरकी आपण दोघींनी बोटांनी काढली, तुझं अंगठ्याचं नख त्यात गेलं होतं. अठरा वर्षं मी तिच्यावर झोपते. पायलला मावशीकडून जायची तर तीच जाईल.

आणि स्वस्ताचं म्हणतेस, तर मागच्या साली तू शाळेत शिजवतेस त्या खिचडीचे तांदूळ किडके आले तेव्हा तू काय केलंस? हेडमास्तरांच्या टेबलावर पोतं उलटं केलंस. सारं नेर तेच बोलत होतं. ते तांदूळही स्वस्तच होते ना? जैबुनबीचं घर तुला माहीत आहे, तिची जात-जमात, पोरंबाळं माहीत आहेत. काही चुकलं तर दारात उभं राहून जाब विचारशील. त्या फुगणाऱ्या गादीत कोणी काय भरलं, कोणाला किती मजुरी दिली, हे कोणाला विचारशील?

मला विचारशील तर पाचही जैबुनबीकडे कर. तुला नाही परवडत तर चार तुझ्या मनानं घे. पण माझी गादी तिच्याच हातानं पिंजून घे. मशीनवाल्याकडे टाकू नकोस. एवढं माझं ऐक.

हे येत्या रविवारी वणीहून गाडीत टाकून देतील. सध्या घरीच आहेत, थोडी रजा शिल्लक होती.

तुझी
विजयमाला


नेर
६ मार्च २००६

विजयमाला,

तुया शहाणपणापायी माह्या डोक्याले ताप झाला. सारं सांगते, मंग बोल.

गादी आली. हमालानं उतरवली अन् म्हणे, "मावशी, यात दगड भरले का?" मी रिक्शात टाकून जैबुनबीकडं नेली. तिथली रीत तुले माहीत असन. गिऱ्हाइकापुढं खोळ उसवायची, कापूस काट्यावर ठेवायचा, वजन सांगायचं. पिंजून झालं का पुन्हा काटा. मधात जे कमी होते त्याले ते लोक घट म्हणतात. किलो-सव्वा किलो घट तं जातेच, हे मलेही समजते. तुया गादीत अठरा किलो भरलं. अठरा! मी माह्या डोळ्यानं पाह्यलं.

तेव्हा ती दुसऱ्या कोणाचा कापूस पिंजून राह्यली होती. खोटं कायले बोलू, मी दारातच उभी राह्यली. तिचा नवरा होता तेव्हा तो पिंजे अन् ही टाके घाले. तो गेल्यापासून पिंजणही हीच उचलते, धनुष्यासारखं, पुरुषभर लांब. गावात मशीनवाला आहे, पण लाइट बारा-बारा तास नसते. हिचं पिंजण लाइटले विचारत नाही. त्याच्या तातेवर, ताणलेल्या दोरीवर, लाकडी ठोकळा हाणला का असा आवाज निघते का पायाखालची जमीन बोलते. दडपून दगड झालेला कापूस थरथरते, मंग एकदम सुटते. माह्या मोठ्या पातेल्यात दूध वर येते नं, तसा येते. पण दूध थांबते, हा थांबत नाही. वर, अजून वर. साऱ्या खोलीत पांढरं पांढरं अन् मधात ती काळी बाई, डोळ्याच्या पापण्यायवर कापूस. मी अर्धा घंटा तशीच उभी होती. शाळेतली खिचडी तेवढ्यात खाली लागली, हे वेगळं.

तुया गादीचा नंबर नंतर होता, म्हणून मी गेली. सहा दिवसांनी बोलावलं. काट्यावर कापूस ठेवला. चौदा!

मी म्हटलं, "अठरा टाकले होते."

"घट गेली."

"चार किलो? गादीत कापूस होता का मीठ?"

तिनं वर पाह्यलं नाही. म्हणे, "घट बांधून ठेवली बाई. ते कोपऱ्यात गाठोडं. खोल अन् पाय."

"तुया घरचा कचरा भरला असन त्यात. मले खिचडीचा टाइम होते."

"पाह्यले टाइम नाही तं इल्जाम लावाले कुठून आला?"

एवढं तोंड! चोर ते चोर. आईच्या हातचा कापूस, तीन-चार किलो खुशाल काढून घेतला अन् दुसऱ्याच्या गादीत भरला. मी गल्लीत उभी राहून सांगतलं साऱ्यायले. माहा आवाज तुले माहीत आहे. शाळेतही सांगतलं. खेमसिंगच्या बायकोनं तिथल्या तिथं आपल्या दोन गाद्या वापस आणल्या. विठ्ठलरावच्या सुनेनंही. अजून दोघी होत्या, त्याही गेल्या. चौघीही म्हणे मशीनवाल्याकडं नाही तं बसस्टँडवर. चांगलं झालं.

मी बसस्टँडच्या दुकानात चार गाद्यायचा बयाणा देऊन आली. तुया गादीचं काय करू ते सांग. तिच्याकडंच पडली आहे.

मथुरा


राजूर
१४ मार्च २००६

ती. ताईस,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं.

जैबुनबीनं चोरी केली नाही. मला कसं माहीत ते विचारू नकोस. तिला जाऊन सांग की झालं ते झालं, गादीला खोळ घाल, जे काय होतात ते पैसे दे. आणि ज्या बायकांना तू बोललीस त्यांनाही सांग. तिचं पोट त्याच्यावर आहे.

ते गाठोडं मात्र उघडू नकोस. फेकून दे म्हण. जुन्या गादीत धूळ असतेच, त्यात काय पाहायचं? नव्या सोयरिकीच्या वेळी नाही त्या गोष्टी नकोत.

हे बरे आहेत. तुला विचारत होते.

विजयमाला


नेर
२० मार्च २००६

विजयमाला,

तू उघडू नको म्हटलं, म्हणून मी त्याच दिवशी उघडलं. जन्मापासून मले ओळखते अन् असं लिहिते?

दुपारची गेली. जैबुनबी टाके घालत होती, स्वतःच्या घरच्या रजईले. दुसरं काम नव्हतंच. चार बाया मीच हाकलल्या होत्या. मले पाहून तिनं सुई काही थांबवली नाही. मी म्हटलं, "गाठोडं पाह्यले आली." तिनं हनुवटीनं कोपरा दाखवला.

जुनं लुगडं होतं, चार गाठी. मी बसली अन् सोडलं.

विजू, मले वाटलं तिनं चुलीतला कोळसा कुटून ठेवला. काळं. नुसतं काळं नाही, चमकणारं काळं. हात घातला तं मनगटापर्यंत गेला अन् थंड लागला. पिठासारखं मऊ. बोटं एकमेकायवर घासली तं घसरून राह्यली. मी फुंकलं नाही, नुसता श्वास सोडला, तं ते गाठोड्यातून उठलं अन् दारातल्या उन्हात उभं राह्यलं. पडेच ना. मी पाहत राह्यली, जैबुनबीही सुई थांबवून पाहत राह्यली.

मंग मीच ते काट्यावर ठेवलं. तिनं हात लावला नाही. तीन किलो वर थोडं.

मी म्हटलं, "हे कुठून आलं?"

"तुया बहिणीच्या गादीतून. कुठं राह्यते ती?"

"राजूरले. कोळशाच्या खाणीपाशी."

"मले वाटलंच. मी तीस सालात कितीक गाद्या उसवल्या बाई. लेकरायचं मूत पाह्यलं, उंदराची घरं पाह्यली, एकीत तं चांदीची बिछवी निघाली, वापस दिली. हे नाही पाह्यलं. अर्धी गादी राखेच्या रंगाची होती अन् अर्धी अशी, तव्याच्या बुडासारखी. तुयी बहीण कोणत्या बाजूनं झोपते?"

मी म्हटलं, "भिताडाकडून."

"मंग काळी बाजू तिच्या घरवाल्याची."

पुढचं ऐक. एकदा पिंजलं, किलोभर काळं पडलं. तिले वाटलं झालं. कापूस हातात घेतला तं अजून काळा. दुसऱ्यांदा पिंजलं, पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदा हाणलं तेव्हा कुठं कापसाचं तोंड दिसलं. एका गादीले तीन गाद्यायची मेहनत. तोंडाले ओली ओढणी बांधून. तिची पोरगी अस्मा तिथंच होती, ती म्हणे, "अम्मी दोन रोज नाक शिंकरे तं काळंच निघे. मी म्हटलं काहून करते, भरून दे. तं म्हणे, दुल्हन सोयेगी इसपर."

मी जैबुनबीले म्हटलं, "अन् एकदाच पिंजून भरली असती तं?"

ती हासली. पह्यल्यांदा. म्हणे, "तं सतरा किलो भरली असती. मशीनवाला तेच करते, एकदा काढते अन् भरते. वजन बरोबर दिसते. तू खुश होऊन गेली असती अन् गल्लीत माही तारीफ केली असती."

विजू, मी काट्याकडं पाहत राह्यली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, माह्या समोर काटा खाली गेला का मले वाटते खरं आहे, वर गेला का वाटते कोणी खाल्लं. अन् इथं जिनं खाल्लं नाही तिचाच काटा वर गेला होता.

मंग तिनं आतून कापूस आणला. आईचा. चौदा किलो. तुले सांगते, पांढरा. अठरा वर्षांनी तसाच, जसा आपण दोघी सरकी काढत बसलो होतो तसा. मी त्यात तोंड खुपसलं. मले लाज वाटली नाही.

मी म्हटलं, "बयाणा गेला तं जाऊ दे. त्या चारही गाद्या तूच कर."

"नाही करत."

"जास्त घे."

"जास्तचंच पाह्यलं असतं तं काळं आतच राहू दिलं असतं. ही गादी मी देते, पोरगी नांदाले चालली म्हणून. तुयं दुसरं काम नाही करत. तू गल्लीत उभी राहून मले चोर म्हटलं. माह्या घरवाल्यालेही कोणी म्हटलं नव्हतं. जाय आता, खिचडीचा टाइम झाला असन."

घरात पीठ नव्हतं तिच्या. मी पाह्यलं, डब्बा उपडा ठेवला होता. अन् चार गाद्यायचं काम दारात उभं असतांनी नाही म्हणे. मी रस्त्यानं चालत आली तं पाय जमिनीले लागत नव्हते. अशीही बाई असते वं!

आता तू सांग. कोळसा भरायच्या रेल्वे साइडिंगवर ठेकेदाराच्या माणसाले कसली रजा? कधीपासून भेटाले लागली? नागोराव घरी काहून आहेत? खरं लिही. नाही तं मी गाडीत बसून येते.

मथुरा


राजूर
२८ मार्च २००६

ती. ताईस,

खरं लिहिते.

त्यांना रजा नाही. डिसेंबरपासून घरी आहेत. आधी नुसता खोकला होता, मग ओटा चढला तरी दम लागायचा. ठेकेदारानं दुसरा माणूस लावला. पायलचं नुकतंच जमलेलं, त्यात मावशीच्या घरी आजारपण हे कशाला सांगायचं, म्हणून मी गप्प राहिले. गादीचंही मला माहीत होतं. उन्हात घालताना ती दरवर्षी जड लागायची. मी काठीनं झोडपायची, काळं उडायचं, मी तोंड फिरवायची. इथं सगळ्यांच्याच घरी असतं. भिंतीवर, भाकरीवर, लेकरांच्या कानात. रोज पाहून पाहून ते दिसेनासं होतं, ताई.

आणि मी जैबुनबीकडेच दे म्हणाले, ते फक्त तिच्या पोटासाठी म्हणाले नव्हते. तुला तांदळाचं सांगून शिकवलं, पण माझ्या मनात भीती होती की मशीनवाला हे सगळं तसंच भरून देईल आणि पायल त्यावर झोपेल. नवी घ्यायची तर हातात पैसा नव्हता. म्हणून माझ्या घरची काजळी मी त्या बाईच्या छातीत घातली, आणि तिला सांगितलंही नाही. वर तिलाच चोर ठरवलं गेलं. तू बोललीस, पण चूक माझी आहे.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. गाठोड्याचं आलं तेव्हा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "तीन किलो?" म्हणाले. मग बराच वेळ आपल्या छातीवर हात ठेवून बसले. तीन महिने मी दवाखान्यात चला म्हणून थकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच शर्ट घालून उभे. "चल वणीला."

छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी उजेडावर धरून दाखवला. आत धूळ बसली आहे, म्हणाले. जी बसली ती निघत नाही, पण आता कोळशात गेले नाहीत तर आहे तिथं थांबू शकते. औषध सुरू आहे. साइडिंग कायमची बंद. हे गप्प असतात, पण रात्रीची झोप लागते आहे. बाहेर येताना एवढंच म्हणाले, "त्या पिंजारणीनं मला पाहिलं नाही, आणि तिला कळलं."

ताई, तिचं गेलेलं नाव परत कसं येईल? मला दुसरं काही नको. तू काहीतरी कर.

तुझी
विजू


नेर
१० एप्रिल २००६

विजू,

नागोरावले सांग, मथुराताई म्हणते, लग्नात वरातीमागं चालायचं नाही, रिक्शात बसायचं. दम लागला अन् लपवलं तं माह्याशी गाठ आहे. तुलेही एक ठेवून द्यायची आहे, पण ते भेटल्यावर.

आता इकडचं. हे पत्र मी जैबुनबीच्या दारात बसून लिहून राह्यली. सकाळी आठची आली, आता दुपार झाली. शाळेले सुट्टी टाकली. इथं कशी बसली ते सांगते.

तुयं पत्र आलं त्याच दिवशी मी जैबुनबीकडून ते गाठोडं मागतलं. तिनं विचारलं नाही काहून. डोक्यावर घेतलं अन् घरोघर गेली. पह्यले खेमसिंगच्या बायकोकडं. तिच्या अंगणात सोडलं. म्हटलं, "पाय. हे माह्या बहिणीच्या गादीतून निघालं. मी खोटी बोलली. जैबुनबीनं एक बोंडभर कापूस घेतला नाही."

ती म्हणे, "त्या दिवशी तं मोठी वरडत होती."

"म्हणून आज आली."

"तुया तोंडानं गेलं, तुया तोंडानं वापस येईन का?"

"नाही आलं तं उद्या पुन्हा येईन. तुया अंगणात रोज सोडीन हे."

तिनं बोट बुडवून पाह्यलं. मंग आपल्या लुगड्याले पुसलं, तं ते निघेना. लय वेळ घासत राह्यली. म्हणे, "हे माणसाच्या आंगाखालचं?" मी हो म्हटलं. तिचा भाऊ राजूरलेच आहे, मले माहीत नव्हतं. ती आत गेली अन् दोन्ही गाद्या घेऊन आली, मशीनवाल्याकडं टाकल्या नव्हत्या अजून.

विठ्ठलरावच्या सुनेनं नाही ऐकलं. म्हणे, "मामी, मशीनवर वजन बरोबर भरलं माह्या गादीचं." मी म्हटलं, "तेच तं!" पण तिले मी काय म्हणून राह्यली ते समजलं नाही. ज्या दोघी बसस्टँडवर गेल्या त्यायनं नव्या घेतल्या होत्या. त्यायच्या काय हाती? चार बायातून एक आली. माह्या जिभेनं एका दुपारी चार गेल्या होत्या, अन् पाच दिवस डोक्यावर गाठोडं घेऊन एक आली. हे मी विसरत नाही.

बसस्टँडच्या दुकानातही गेली. म्हटलं, "भाऊ, चार गाद्या नको, बयाणा ठेवून घे. पण एक सांग, तुया गादीत आत काय असते?" माणूस वाईट नाही. खरं तेच बोलला. म्हणे, "मावशी, आमालेच माहीत नाही. परराज्यातून बंद येते, आम्ही बंदच विकतो." मी ते दोरीनं बांधलेले गुंडाळे पाहत राह्यली, एकावर एक, छतापर्यंत. एवढं सारं, अन् विकणारालेही ठाव नाही आत काय आहे! स्वस्त आहे, हे खरंच आहे. कोणाले परवडत नसन तं त्यानं काय करावं, हे मी सांगू शकत नाही. माहा बयाणा गेला तेव्हा पायलचे बाबा दोन दिवस माह्याशी बोलले नाही. त्याइचंही चुकलं नाही. लग्नातली मिठाई एक कमी केली, अन् मंडप लहान. चार गाद्यायची रुई जिनिंगातून नगदी आणली. अन् काल ती घेऊन जैबुनबीच्या दारात आली.

म्हटलं, "करशीन का?"

तिनं रुई मुठीत घेतली, दाबली, सोडली. म्हणे, "चांगली आहे. पण एका बोलीवर करीन. मी पह्यला ठोका हाणन तेव्हापासून शेवटच्या काट्यापर्यंत तू इथं बसून पाह्यशीन. अर्ध्यातून उठली तं काम तिथंच थांबन. पाह्यले टाइम आहे का आता?"

अस्मा फसकन हासली. मी म्हटलं, "आहे."

अन् नंबर? "खेमसिंगच्या बायकोच्या दोन आधी. मंग तुया." मी म्हटलं, बरं.

तं मी बसून आहो. त्या दोन गाद्या झाल्या, आता माही पह्यली चालू आहे. विजू, मी त्या दिवशी अर्धा घंटा पाह्यलं अन् मले वाटलं सारं पाह्यलं. काहीच पाह्यलं नव्हतं. पह्यल्या ठोक्यात कापूस उठते, ते तं कोणालेही दिसते. पण ती तेवढ्यात थांबत नाही. ऐकते. तातेचा आवाज बदलते म्हणे, आत सरकीचा तुकडा असला का आवाज बसका येते. एवढ्या गोंधळात ती थांबते, हात घालते अन् त्या पांढऱ्या ढिगातून जोंधळ्याएवढं काळं काढून बाजूले ठेवते. न पाहता. तीन वेळा मी म्हटलं, "आता काही नसन." तीन वेळा तिनं काढलं. घामानं तिचं पोलकं पाठीले चिकटलं आहे, दंड दोरखंडासारखे. माह्याच वयाची आहे. मी दहा मिनिटं पिंजण धरून पाह्यलं तं खांद्यातून जीव निघाला. अन् हे हजार रुपये मले महाग वाटले होते.

आता काटा लावला. थांब, हे झाल्यावर लिहिते.

झालं. तिनं काट्याले हात लावला नाही. मलेच ठेवाले लावलं, मलेच वाचाले लावलं. मी म्हटलं, "सव्वा किलो घट." ती म्हणे, "मले कायले सांगते? मले माहीत आहे. गल्लीले सांग."

मी उठून दारात उभी राह्यली. समोर विठ्ठलरावची सून पानी भरून राह्यली होती, तिच्यामागं अजून तिघी-चौघी, साऱ्यायनं हंडे खाली ठेवले. "सव्वा किलो घट!" मी म्हटलं. "जैबुनबीच्या काट्यावर. मी पह्यल्या ठोक्यापासून बसून पाह्यलं."

आतून जैबुनबी म्हणे, "त्या दिवशी याहून जोरानं बोलली होती."

मंग मी पुन्हा बोलली. माहा आवाज तुले माहीत आहे.

तुयी ताई
मथुरा